लेकराचा वाटा माफ करण्याचा अधिकार कोणाला?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. शेताच्या बांधावरून किंवा भाऊबंदकीतल्या वाटणीवरून दोन दोन पिढ्या कोर्टाच्या तारखांत गेलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांनीच ती रचली असावी. आणि तिच्यात शहाणपण नाही असे कोण म्हणेल? ख्रिस्ती मंडळ्यांत ह्या म्हणीला आणखी एक मोठा आधार मिळतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, विश्वासणारे एकमेकांविरुद्ध न्यायालयात जातात ह्याबद्दल पौलाने त्यांची कडक कानउघाडणी केली आहे. त्यापेक्षा अन्याय सोसावा, नुकसान पत्करावे, असे त्याचे सांगणे आहे.

म्हण आणि वचन अशी दोन्ही हाताशी असल्यावर, मंडळीतील एखाद्या बहिणीला नवऱ्याने टाकले, ती लेकरांसह माहेरी येऊन राहिली आणि महिनोन् महिने मुलांसाठी एक पैसाही आला नाही, तर तिला पहिला सल्ला कोणता मिळतो हे सांगायला नको. "ताई, कोर्टकचेरी नको. प्रार्थना करा. प्रभू मार्ग काढील." असा सल्ला देणारे काही वाईट नसतात. त्यांना घर मोडू नये असे मनापासून वाटते, आणि मंडळीच्या नावाचीही त्यांना काळजी असते. ह्या लेखात आम्हांला इतकेच विचारायचे आहे: सोसणे हा ख्रिस्ती सद्गुण आहे खरा, पण ह्या ठिकाणी सोसायला आपण कोणाला सांगत आहोत?

प्रथम पौलाचे म्हणणे नीट वाचू. तो ज्या तंट्यांविषयी बोलतो ते दोन प्रौढ भावांमधले, संसारातल्या देण्याघेण्याचे तंटे आहेत. ते बाहेर का न्यावे लागले, हेही तो विचारतो: भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यामध्ये नाही काय? म्हणजे त्या अध्यायात दोष फिर्याद करणाऱ्याला आहे तितकाच निवाडा न करणाऱ्या मंडळीलाही आहे. आपण मात्र पहिला भाग त्या बहिणीला वाचून दाखवतो आणि दुसरा भाग आपल्यासाठी वाचायला विसरतो. शिवाय पौलाने स्वतः कायद्याची पायरी कधीच चढली नाही असेही नाही. फटके मारण्यासाठी बांधले तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले, आणि फेस्तापुढे उभा असता त्याने कैसराकडे दाद मागितली. राज्याच्या कायद्याचा आसरा घेणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असे त्याने मानले नाही.

पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नुकसान सोसा, असे ज्याचे नुकसान झाले त्यालाच सांगता येते. आपल्या मंडळीच्या खजिनदाराचे उदाहरण घ्या. त्याच्या स्वतःच्या खिशातून कोणी शंभर रुपये उसने नेले आणि परत केले नाहीत, तर तो ते सोडून देऊ शकतो. आपण त्याला उदार म्हणू. परंतु अनाथांच्या फंडातून कोणी पैसे नेले आणि खजिनदाराने "जाऊ द्या, मी क्षमा केली" असे म्हटले, तर वार्षिक सभेत आपण त्याला उदार म्हणू काय? त्याला आपण हिशेब विचारू. पैसा त्याचा नव्हता, म्हणून क्षमा करण्याचा अधिकारही त्याचा नव्हता.

मुलाची पोटगी अशीच आहे. आईच्या हातात ती येते, पण ती आईची नसते. तिने स्वतःवर झालेला अन्याय, अपमान, मारहाण, फसवणूक हे सारे वधस्तंभाकडे पाहून सोडून दिले, तर ती तिची आणि प्रभूची गोष्ट आहे. मुलाच्या दुधाचे, फीचे, औषधाचे पैसे मात्र ती सोडून देऊ शकत नाही, कारण ते पोर क्षमा करण्याइतके मोठे झालेले नाही, आणि त्याला कोणी विचारलेलेही नाही. म्हणून जो सल्लागार आईला "सोसा" म्हणतो, तो प्रत्यक्षात लेकराला उपाशी राहायला सांगत असतो.

ह्या बाबतीत आपल्या देशाचा कायदा पुष्कळ चर्चपंचायतींपेक्षा अधिक स्पष्ट विचार करतो, हे कबूल करायला आम्हांला संकोच वाटत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ पुष्कळांनी ऐकलेले आहे. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि आता तीच तरतूद तिच्या कलम १४४ मध्ये आहे. पुरेसे साधन असलेला मनुष्य पत्नीकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे दुर्लक्ष करील किंवा त्यांना पोसण्याचे नाकारील, तर दंडाधिकारी त्याला दरमहा ठराविक रक्कम देण्याचा हुकूम करू शकतो. हा कायदा हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्वांना सारखाच आहे. गोव्यात विवाह व मालमत्तेचे नियम वेगळ्या दिवाणी कायद्याने चालतात, तरी पोटगीचे हे कलम तेथेही आहे.

आता त्यातील एक बारकावा पाहा. पत्नी व्यभिचारात राहत असेल, पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याकडे नांदायला नकार देत असेल, किंवा दोघे परस्परसंमतीने वेगळे राहत असतील, तर तिची स्वतःची पोटगी कायदा नाकारतो. पण ह्या अटी फक्त पत्नीला आहेत, मुलाला एकही अट नाही. मूल औरस असो वा अनौरस, ते स्वतःचे पोषण करू शकत नसेल तर त्याचा हक्क उभाच राहतो. "चूक तिचीच होती" हे मंडळीत इतक्या वेळा ऐकू येणारे वाक्य मुलाच्या बाबतीत कायद्यापुढे निरुपयोगी ठरते. इतकेच काय, "मला आणि मुलाला काही नको" असे आईने तडजोडीच्या कागदावर लिहून दिले, तरी त्याने मुलाचा हक्क बुडत नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. वर खजिनदाराविषयी जे म्हटले तेच न्यायालयाने आपल्या भाषेत म्हटले आहे.

कायदा चांगला असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा गरीब बाईपुढचा खरा प्रश्न असतो. म्हणून वाचकांच्या, विशेषतः पाळकांच्या व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांच्या उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे नोंदवतो.

वकिलाची फी नाही म्हणून कोणी मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया व मुले ह्यांना मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यांना उत्पन्नाची मर्यादा लावलेली नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बहुधा ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. साध्या कागदावर अर्ज केला तरी चालतो. वकील मिळतो आणि कोर्ट फीसारखा खर्चही त्याच मदतीतून होतो. १५१०० ह्या दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते.

नवऱ्याच्या गावी जावे लागेल ही दुसरी भीती. नवरा वडोद्याला आणि माहेर बेळगावला, अशी आपली कितीतरी घरे आहेत. पोटगीचा अर्ज पत्नी जेथे राहते तेथील न्यायालयात करता येतो. जेथे कुटुंब न्यायालय आहे तेथे तो त्या न्यायालयात, नसेल तेथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो. मात्र भाषेची अडचण खरी आहे. बेळगावात कागद कन्नडमध्ये, वडोद्यात गुजरातीत, हैदराबादेत तेलुगूत किंवा इंग्रजीत निघतात, आणि मराठी बाई काय लिहिले आहे हे न समजता सही करून मोकळी होते. दोन्ही भाषा जाणणारा मंडळीतील एखादा तरुण तिच्याबरोबर गेला, तर ती सेवा एखाद्या भक्तीला वाद्य वाजवण्यापेक्षा कमी नाही.

निकाल लागेपर्यंत मुलाने काय खावे, ह्याचाही विचार कायद्याने केला आहे. अंतरिम पोटगी मागता येते, आणि त्या अर्जाचा निर्णय समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो. पूर्वी दरमहा पाचशे रुपयांची मर्यादा होती. ती २००१ मध्ये काढून टाकली गेली. हुकूम होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचे वॉरंट निघते, आणि तरीही पैसे न भरणाऱ्याला थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगल्याने देणे मात्र फिटत नाही. येथे एक सावधगिरी हवी: ज्या दिवशी रक्कम देय झाली त्यापासून एका वर्षाच्या आत ह्या वॉरंटासाठी अर्ज करावा लागतो. "आज ना उद्या देईल" म्हणत थांबणाऱ्या भिडस्त बाईचे नुकसान नेमके येथेच होते.

हे सारे झटपट होते असे आम्ही म्हणणार नाही. नागपूरच्या एका प्रकरणात मूल तान्हे असताना आई घराबाहेर पडली. २०१३ मध्ये अर्ज झाला, २०१५ मध्ये कुटुंब न्यायालयाने मुलासाठी आधी दरमहा पाच हजार आणि पुढे दहा हजार रुपये ठरवले, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला. तोवर ते तान्हे मूल शाळेत जाऊ लागले होते. ह्याच निकालात न्यायालयाने संपूर्ण देशासाठी नियम घालून दिले: दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावी, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मिळावी. म्हणून दिरंगाई होते हे खरे असले तरी ते अर्ज न करण्याचे कारण होत नाही. उलट अर्जाला जितका उशीर, तितके महिने मुलाचे कायमचे बुडतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, प्रेम कोर्टाच्या हुकुमाने मिळत नाही. अगदी खरे. बापाची माया कोणताही न्यायाधीश वसूल करून देऊ शकत नाही. पण दूध, वह्या आणि डॉक्टरची फी पैशाने मिळतात, आणि तेवढे वसूल करता येते. जे मिळू शकत नाही त्याचे नाव पुढे करून जे मिळू शकते तेही बुडवावे, हे कोणते धर्मशास्त्र?

दुसरा आक्षेप असा की, दावा केल्याने समेटाचा मार्ग बंद होतो. काही वेळा होतही असेल. पण आमचे निरीक्षण असे आहे की जो बाप मुलाला उपाशी ठेवून दबाव आणतो, त्याच्याशी झालेला समेट हा समेट नसतो. ती शरणागती असते, आणि ती फार दिवस टिकत नाही. मुलाचा खर्च नियमाने चालू झाला म्हणजे उलट दोघांना शांतपणे बोलायला जागा मिळते. समेट जरूर करावा; त्यासाठी मध्यस्थी आहे, लोकअदालत आहे, पाळकसाहेबांचा दिवाणखाना आहे. पण मुलाच्या पोटाचा प्रश्न समेट होईपर्यंत टांगून ठेवू नये.

तिसरा आक्षेप मंडळीच्या अब्रूचा. ह्याचे उत्तर प्रभूने मार्काच्या सातव्या अध्यायात देऊन ठेवले आहे. आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले, म्हणजे कुर्बान केले, असे सांगून जे लोक आपले कर्तव्य टाळत, त्यांना त्याने ढोंगी म्हटले. घरच्यांचे देणे बुडवून केलेला धर्म त्याला चालला नाही. मग मुलाचे देणे बुडवणारा मनुष्य दर रविवारी पुढच्या बाकावर बसतो, दशांश देतो, उपकारस्तुतीच्या सणाला मोठी देणगी लिहवतो, आणि आपण त्याचे नाव वाचून दाखवतो, ह्याला काय म्हणावे? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणारा मनुष्य विश्वास नाकारतो आणि विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट ठरतो. अब्रू जाते ती येथे. कोर्टाच्या आवारात ती केवळ उघड होते.

बापांनाही न्याय मिळाला पाहिजे. ज्याची गिरणी बंद पडली, जो आजारी पडला, त्याला कायदा चिरडू पाहत नाही. "पुरेसे साधन" हे शब्द त्यासाठीच आहेत, आणि परिस्थिती बदलली तर रक्कम कमीजास्त करून मागता येते. तसेच, पैसे घेऊन मुलाला बापाची भेट नाकारणारी आईही चुकते. पोटगी हे भेटीचे तिकीट नाही, आणि भेट हे पोटगीचे बक्षीस नाही. दोन्ही मुलाचे हक्क आहेत, आणि आईबापांनी ते एकमेकांविरुद्ध हत्यार म्हणून वापरू नयेत.

येथपर्यंतचा विचार त्या मानाने सोपा आहे. मुलाकडे घरातच हयगय होत असेल तेव्हा प्रश्न अवघड होतो. शब्बाथ शाळेचा शिक्षक हे सर्वांच्या आधी पाहतो: मूल उपाशी येते, तापात येते, अंगावर वळ घेऊन येते, किंवा यायचेच बंद होते. त्याने काय करावे?

उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात हागारेची गोष्ट आहे. अब्राहामासारख्या संपन्न मनुष्याने आपल्या मुलाला आणि त्याच्या आईला भाकरी व पाण्याची एक मसक देऊन रवाना केले. पाणी संपले. तिने मुलाला झुडपाखाली टाकले आणि ती दूर जाऊन बसली, कारण त्याचे मरण तिला पाहवत नव्हते. त्या वेळी कोणी वाटसरू आला असता तर त्याला काय दिसले असते? आईने टाकून दिलेले एक मूल. तो तिला निर्दय म्हणाला असता. देवाने मात्र मुलाचा आवाज ऐकला, आईला दोष दिला नाही, आणि तिला विहीर दाखवली.

आपला कायदाही हा भेद जाणतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ प्रमाणे ताब्यातील मुलावर जुलूम करणे, त्याला टाकणे किंवा त्याची जाणूनबुजून हयगय करणे हा गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे आईबापांनी मूल सोडले असेल तर ते जाणूनबुजून केलेले मानू नये, असेही तेच कलम सांगते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे, हेही त्या अधिनियमाचे तत्त्व आहे. म्हणून हयगयीमागे दारिद्र्य असेल तर आपले पहिले काम विहीर दाखवण्याचे. मंडळीचा मदत फंड ही एक विहीर आहे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत पात्र मुलाला कुटुंबातच राहण्यासाठी दरमहा चार हजार रुपयांचे साहाय्य मिळू शकते, ही दुसरी.

परंतु हयगयीमागे दारू असेल, मारहाण असेल, किंवा ह्याहून भयंकर काही असेल, तर तेथे "घरातली गोष्ट घरात" म्हणणे हे पाप आहे. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. तिच्यावर अध्यक्ष व चार सभासद असतात, आणि समाजाची कळकळ असलेला कोणीही नागरिक अशा मुलाला तिच्यापुढे नेऊ शकतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. तेथे चर्चपंचायतीला आधी घरगुती चौकशी करीत बसण्याची सवलत नाही.

शेवटी, मंडळीने करण्यासारख्या चार साध्या गोष्टी सांगतो. आपल्या कपाटात विवाहाची व बाप्तिस्म्याची नोंदवही आहे. पोटगीच्या अर्जाला त्यांतील उतारे पुरावा म्हणून लागतात. ते मागताच द्यावेत. "आधी तडजोड करा, मग दाखला" असे म्हणून ते अडवून ठेवणे हा अन्याय आहे. तारखेच्या दिवशी कोणी एकाने त्या बहिणीबरोबर जावे आणि दुसऱ्याने तिची मुले सांभाळावीत. मंडळीत तडजोड लिहिली तर मुलाची रक्कम वेगळी, तारखेसह लिहावी, आणि ती न्यायालयात नोंदवून घ्यावी. आणि शिक्षकांनी वर्गात कोणत्याही मुलाला "तुझे पप्पा कुठे असतात?" असे विचारू नये, देव आपला पिता आहे हा पाठ शिकवताना त्या वर्गात असेही एखादे मूल बसले आहे, ज्याला पिता हा शब्द ऐकून खाली पाहावेसे वाटते, हे ध्यानात ठेवावे.

लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जात राहिली. तो दाखला प्रार्थनेविषयी आहे, हे आम्ही जाणतो. तरीही प्रभूने प्रार्थनेचे उदाहरण म्हणून न्यायासाठी दार ठोठावणारी एक बाई निवडली, आणि तिला भांडखोर म्हटले नाही. आपल्या मंडळीत अशी कोणी बहीण असेल, तर येत्या तारखेला ती एकटी जाणार नाही, एवढे तरी आपण पाहावे.